सुनेचे खापरपणजोबा आयर्लंडच्या दुष्काळात न्यू यॉर्कला आले होते. त्यांचा माग कसा काढायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सून अमेरिकन, माहेरचं आडनाव सलिव्हन. तिच्या घरी सांगतात की खापरपणजोबा १८४७ च्या सुमारास बटाट्याच्या दुष्काळातून कॉर्कहून न्यू यॉर्कला आले आणि एलिस आयलंडवर, म्हणजे न्यू यॉर्क बंदरातल्या स्थलांतरितांच्या तपासणी नाक्यावर, कारकुनाने त्यांच्या आडनावातला 'ओ' कापला. नातवासाठी वंशावळ करायला घेतलीत, १८४१ ची आयरिश जनगणना शोधताय आणि हाताला काही लागत नाही.

लागणारही नाही. १८२१ ते १८५१ च्या जनगणनेचे कागद १९२२ मध्ये डब्लिनच्या फोर कोर्ट्समधला दप्तरखाना पेटला तेव्हा जळाले, मोजके तुकडे तेवढे उरले. १८६१ ते १८९१ चे सरकारनेच आधी नष्ट केले होते. सबंध देशाची वाचता येईल अशी पहिली जनगणना १९०१ ची. म्हणून पहिला सल्ला: आयर्लंडचा शोध सध्या बंद करा. तिकडे शिरायला गावाचं नाव लागतं, आणि ते नाव अमेरिकेतल्या कागदांत दडलेलं असतं. बऱ्याचदा खुद्द खापरपणजोबांच्या कागदात नसतं, त्यांच्या भावाच्या, मेहुण्याच्या किंवा विधवेच्या कागदात असतं. अर्धेअधिक लोक उलट्या बाजूने सुरुवात करतात आणि कॉर्कमधल्या शेकडो सलिव्हनांत हरवतात.

आधी घरच्या गोष्टीतलं खरं-खोटं वेगळं करू. एलिस आयलंड सुरू झालं १ जानेवारी १८९२ ला. त्याआधी त्याच कामासाठी कॅसल गार्डन होतं, तेही १८५५ पासून. १८४७ साली माणूस जहाजातून थेट धक्क्यावर उतरायचा. नाव बदलणारा कारकून तिथे नव्हताच; प्रवाशांची यादी जहाजाच्या लोकांनी आधीच केलेली असायची. आडनावातला 'ओ' आयर्लंडातच कधीचा गळला होता आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला भाषेचा अभिमान जागा झाला तेव्हा पुष्कळांनी तो पुन्हा लावला. एकच घर १८५२ च्या नोंदीत 'सलिव्हन' आणि १९११ च्या जनगणनेत 'ओ'सलिव्हन' दिसू शकतं. दोन्ही शोधा.

'कॉर्कहून' या शब्दावरही फार भिस्त ठेवू नका. तो परगणा असू शकतो, तसंच नुसतं जहाजात बसायचं बंदरही असू शकतं. सलिव्हनांची दाट वस्ती पश्चिम कॉर्कमधल्या बेआरा द्वीपकल्पावर आणि खाडीपलीकडे केनमेअरच्या बाजूला. केनमेअर केरी परगण्यात येतं. दोन्ही परगणे डोक्यात ठेवा.

आता १८४७ हे साल काय सांगतं ते पाहा, कारण त्यावरून माणसाची पत कळते. रोग म्हणजे आपल्याकडे सातगाव पठारावरचा बटाटेवाला ज्याला करपा म्हणतो तोच, उशिरा येणारा करपा. आयर्लंडात तो १८४५ च्या सप्टेंबरमध्ये दिसला, त्या वर्षी पिकाचा काही भाग गेला. १८४६ ला जवळजवळ सगळं पीक कुजलं. १८४७ ला करप्याचा जोर कमी होता, पण लावायला बियाणंच उरलं नव्हतं, कारण ते लोकांनी खाल्लं होतं. १८४८ ला पुन्हा करपा. मजूर गडी दिवसाला पाच-सहा किलो बटाटे खायचा, सोबत ताक. दुसरं अन्न परवडत नसे. लंपर नावाचं एकच वाण बहुतेक गरिबांच्या शेतात, त्यामुळे एकाला लागलं की सगळ्यांना लागलं. १८४१ साली आयर्लंडची लोकसंख्या सुमारे ८२ लाख होती, १८५१ ला ६५ लाखांवर आली. साधारण दहा लाख मेले, दहा लाखांहून जास्त देश सोडून गेले.

गेले ते सगळ्यांत गरीब नव्हते. सरकारी दुष्काळी कामावर, म्हणजे रस्ते फोडायच्या कामावर, मजुरी दिवसाला आठ-दहा पेन्स. न्यू यॉर्कचं भाडं साधारण तीन ते पाच पौंड. पौंडाला २४० पेन्स, म्हणजे चार पौंडांच्या तिकिटाला दिवसाचे दहा पेन्स धरले तर ९६ दिवसांची मजुरी, तीही काही न खाता. त्यात १८४७ साली अमेरिकेने जहाजात किती माणसं भरायची याचे नियम कडक केले आणि भाडं चढलं. हातात कमी पैसे असलेले कॅनडाकडे वळले. तेव्हा त्या साली स्वतःच्या तिकिटावर थेट न्यू यॉर्कला आलेल्या माणसाकडे विकायला गाय, डुक्कर, थोडं धान्य असं काहीतरी होतं, नाहीतर आधी गेलेल्या नातेवाइकाने पैसे धाडले होते. तिसरी शक्यता, जमीनदाराने तिकीट काढून दिलं. ही उदारता नव्हती. चार पौंडांपेक्षा कमी मूल्याच्या कुळांचा गरीब-कर जमीनदाराला भरावा लागे, म्हणून छोटं कूळ उठवलं की कर वाचे. रॉसकॉमनमधल्या स्ट्रोक्सटाउनच्या डेनिस महॉनने १८४७ ला १,४९० माणसं अशीच कॅनडाला रवाना केली. केनमेअरकडे लॉर्ड लॅन्सडाउनच्या कारभाऱ्याने १८५१ च्या आसपास हजारोंना पाठवलं. त्यातले बरेच न्यू यॉर्कच्या फाइव्ह पॉइंट्स वस्तीत उतरले. घरच्यांच्या '१८४७' मध्ये चार वर्षांची चूक असेल (असते) आणि माणूस केनमेअरचा निघाला, तर हा धागा धरा.

एक अट मात्र लक्षात ठेवा, ती पुढे नोंदी वाचताना कामी येते. १८४७ च्या कायद्यानुसार पाव एकरापेक्षा जास्त जमीन कसणाऱ्याला सरकारी मदत बंद. पाव एकर म्हणजे दहा गुंठे. मदत हवी तर जमीन सोडा, जमीन सोडली की झोपडीही पाडली जाई. लंडनच्या खजिन्यातून या मदतीच्या दोऱ्या हलवणारा चार्ल्स ट्रेव्हेलियन पुढे १८५९ साली मद्रासचा गव्हर्नर झाला.

प्रवास बहुतेकांचा लिव्हरपूलमार्गे. कॉर्क किंवा डब्लिनहून बोटीच्या उघड्या डेकवर गुरांबरोबर लिव्हरपूल, तिथे दलालाकडून तिकीट, मग शिडाच्या जहाजाने पाच ते आठ आठवडे. खालच्या मजल्यावर सहा फूट बाय सहा फुटांची फळी चार मोठ्या माणसांत, अशा एकावर एक दोन फळ्या. ब्रिटिश कायद्याने माणशी रोज तीन क्वार्ट, म्हणजे साडेतीन लिटरच्या आत पाणी, पिण्यालाही आणि स्वयंपाकालाही. आठवड्याला सात पौंड पीठ, बिस्किटं किंवा तांदूळ. उवांमुळे टायफस पसरायचा. 'शवपेटी जहाजं' हा शब्द घराघरात ऐकू येतो, पण तो सगळ्यात जास्त लागू पडतो १८४७ च्या कॅनडाच्या वाटेला. क्वेबेकच्या अलीकडे ग्रोस-इल बेटावर त्या एका वर्षात पाच हजारांवर माणसं पुरली. न्यू यॉर्कच्या वाटेवर मृत्यू त्यामानाने खूपच कमी होते.

प्रवाशांच्या याद्या अमेरिकेत १८२० पासून आहेत. अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने १८४६ ते १८५१ या काळातल्या न्यू यॉर्क बंदराच्या सुमारे सहा लाख नोंदी खास दुष्काळातल्या आयरिश लोकांसाठी मांडल्या आहेत, फुकट बघता येतात. पण तिथे मिळतं काय? नाव, वय, धंदा, जहाज, तारीख, आणि देश: 'आयर्लंड'. गाव नाही. तुमच्या माणसाच्या नावाचे त्या सहा वर्षांत कित्येक 'मजूर, वय २२' सापडतील. यादीतून एक उचलून 'हाच तो' म्हणणं ही सगळ्यात जास्त घडणारी चूक आहे. जहाज शेवटी शोधा. कुटुंब कळलं असेल तर शेजारी नाव असलेल्या बहिणीवरून किंवा भावावरून ओळख पटते. यादीत नसेल तर कॅनडामार्गे पायी आला असेल. त्या सीमेवरच्या नोंदी १८९५ पासूनच्या आहेत, तेव्हा तिथे वेळ घालवू नका.

आता गावाच्या नावाकडे. माझ्या मते न्यू यॉर्कच्या आयरिश माणसासाठी सर्वांत मोलाची वही एका बँकेची आहे: एमिग्रंट सेव्हिंग्ज बँक, चेंबर्स स्ट्रीट, स्थापना १८५०. बऱ्याच खातेदारांना सही येत नव्हती. पासबुक घेऊन आलेला माणूस तोच आहे हे कसं ओळखायचं? म्हणून खातं उघडताना कारकून प्रश्न विचारून उत्तरं 'टेस्ट बुक'मध्ये लिहून ठेवी. आज फोनवर बँकवाला आईचं माहेरचं नाव विचारतो, तोच प्रकार. एखाद्या ओळीत मिळतं ते असं: राहतो अमुक रस्त्यावर, मजूर, जन्म केरी, टुओसिस्ट पॅरिश (पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला भाग), अमुक साली अमुक जहाजाने लिव्हरपूलहून आला, बाप वारला, आई गावी, दोन भाऊ इथे, एक बहीण बोस्टनला, बायको अमुक, पोरं तीन. या वह्या न्यू यॉर्क पब्लिक लायब्ररीत आहेत, आणि मोठ्या सशुल्क वंशावळ संकेतस्थळावरही त्यांची चित्रं आहेत. खातं त्यांचं नसेल तर भावाचं, बहिणीचं शोधा. घरकाम करणाऱ्या मुली नेटाने पैसे साठवत, आणि गावी पाठवलेल्या त्यांच्याच पैशांवर पुढची भावंडं येत.

दुसरी जागा बोस्टनच्या 'पायलट' या वर्तमानपत्रातल्या हरवलेल्या माणसांच्या जाहिराती. १८३१ पासून १९२१ पर्यंत लोक पैसे भरून छापत होते की अमुक पॅरिशचा माझा भाऊ, अमुक साली उतरला, शेवटी अमुक कालव्याच्या किंवा रेल्वेच्या कामावर होता, माहिती द्या. बोस्टन कॉलेजने त्यांची फुकट शोधयादी केली आहे. जाहिरात देणाऱ्याला आपला भाऊ दुसऱ्या सलिव्हनपासून वेगळा दाखवायचा असे, म्हणून गाव, पॅरिश, कधीकधी आईचं माहेरचं नावही दिलेलं असतं.

तिसरी जागा कॅथलिक चर्चची लग्ननोंद. सरकारी दाखल्यात 'आयर्लंड' एवढंच, पण पाद्री बऱ्याचदा परगणा आणि पॅरिश लिहायचा. फाइव्ह पॉइंट्समधल्या ट्रान्सफिगरेशन चर्चची वही याच कारणासाठी नावाजलेली आहे. साक्षीदारांची आणि मुलांच्या बाप्तिस्म्यातल्या धर्ममातापित्यांची नावं उतरवून घ्या. ती माणसं बहुधा त्याच गावची असतात. चौथी, थडग्याचा दगड; क्वीन्समधल्या कॅल्व्हरी दफनभूमीत १८४८ पासून आयरिश लोक पुरले गेले, आणि दगडावर 'अमुक पॅरिश, परगणा कॉर्क' असं कोरायची त्यांना हौस होती. दगड नसला तर एकाच जागेत आणखी कोण पुरलंय ते कार्यालयाला विचारा.

घरातला कुणी अमेरिकेच्या यादवी युद्धात लढला असेल तर वॉशिंग्टनच्या अभिलेखागारातून पेन्शनची पूर्ण फाइल मागवा, नुसतं कार्ड नको. विधवेला लग्न सिद्ध करावं लागे, आईला मुलगा आपल्याला पोसत होता हे. त्यासाठी पाद्र्याचे दाखले, शेजाऱ्यांची प्रतिज्ञापत्रं, सगळं एकत्र शिवलेलं असतं. नागरिकत्वाच्या कागदांवर मात्र वेळ बेताने घालवा. १९०६ च्या आधीचे कागद फार रोडके, 'ब्रिटनच्या राणीशी निष्ठा सोडली' यापलीकडे सहसा काही नसतं.

पॅरिश कळलं की मग आयर्लंड. तिकडची सगळ्यात लहान एकक जागा टाउनलँड. साधारण आपली वाडी समजा, अशा साठ हजारांवर आहेत, आणि एकाच नावाच्या अनेक. कॅथलिक पॅरिश आणि सरकारी पॅरिश यांच्या हद्दी जुळत नाहीत, नावंही वेगळी असतात, इथे पुष्कळजण आपटतात. चर्चच्या वह्यांची १८८० पर्यंतची चित्रं नॅशनल लायब्ररी ऑफ आयर्लंडने फुकट ठेवली आहेत. केरीच्या आणि 'कॉर्क अँड रॉस' धर्मप्रांताच्या नोंदी आयरिशजीनिऑलॉजी या सरकारी संकेतस्थळावर नावाने शोधता येतात. नावं लॅटिनमध्ये असतात: योआनेस म्हणजे जॉन, याकोबुस म्हणजे जेम्स, गुलिएल्मुस म्हणजे विल्यम. त्यातून कॉर्क-केरीची खास भानगड अशी की अमेरिकेतला जेरेमाया गावी डार्बी असतो, टिमथी हा थेडी असतो, होनोरा ही नोरा असते. खाली मूळ आयरिश नाव एकच. एका नावाने नाही सापडलं म्हणून पान उलटू नका.

जमिनीची नोंद म्हणजे ग्रिफिथचं मूल्यांकन, १८४७ ते १८६४, 'आस्क अबाउट आयर्लंड'वर नकाशासह फुकट. हे सातबाऱ्यासारखं वाचा. पहिला रकाना नकाशावरचा क्रमांक, मग कसणारा, मग ज्याच्याकडून जमीन घेतली तो (हा खरा मालक असेलच असं नाही, मधला खंडकरीही असतो), मग वर्णन, क्षेत्र, मूल्य. वर्णनात 'घर, ऑफिस आणि जमीन' असं दिसलं तर पूर्वज साहेब होता असं समजू नका. ऑफिस म्हणजे गोठा, कोठार. क्षेत्र एकर-रूड-पर्चमध्ये असतं आणि मराठी माणसाला ते इंग्रजापेक्षा लवकर कळेल: रूड म्हणजे दहा गुंठे, चार पर्च म्हणजे एक गुंठा. एकाच वाडीत दोन जॉन सलिव्हन असले तर पुढे कंसात बापाचं नाव लिहितात, आपल्या मधल्या नावासारखं. हा कंस सोन्याचा. पुढचे बदल वेगवेगळ्या रंगाच्या शाईत लिहिलेल्या रद्द-वह्या डब्लिनच्या मूल्यांकन कार्यालयाने (२०२३ पासून ते टाल्टे एरन या सरकारी संस्थेत विलीन) जपलेल्या आहेत. त्या आपल्या फेरफाराच्या जागी.

इथे तारखेचं भान ठेवा. कॉर्कचं हे मूल्यांकन छापलं गेलं १८५० नंतर. तुमचे खापरपणजोबा १८४७ ला गेलेले, म्हणजे ते त्यात नसणारच. शोधायचा तो मागे राहिलेला बाप किंवा भाऊ. आणि ज्याला जमीनच नव्हती, एका हंगामापुरता वाफा भाड्याने घेऊन बटाटे लावायचा, तो कुठल्याच जमिनीच्या वहीत मिळत नाही.

जुळणी करताना वयावर अडून बसू नका. आपल्या आजोबांची जन्मतारीख शाळेत १ जून लावली जायची, तसंच तिकडे ३०, ४०, ५० अशी गोल वयं सांगत. पाच वर्षं इकडे-तिकडे चालतील, दहासुद्धा. त्यापेक्षा मुलांची नावं बघा. पहिल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचं नाव, दुसऱ्याला आईच्या वडिलांचं. पहिल्या मुलीला आईच्या आईचं, दुसरीला वडिलांच्या आईचं. रीत सगळ्यांनी पाळली असं नाही, पण मोठा मुलगा कॉर्नेलियस असेल तर कॉर्नेलियस सलिव्हनचा मुलगा आधी तपासा. माझी कसोटी साधी: नाव, साल आणि परगणा जुळला तरी होकार देत नाही, आईबापांपैकी एक किंवा भावंड वेगळ्या कागदातून जुळलं की देतो. इंटरनेटवरच्या आयत्या वंशावळींत बहुतेक वेळा ही कसोटी लावलेली नसते. एकाने चुकीचा बाप जोडला की पन्नास जण उतरवून घेतात आणि मग पन्नास पुरावे असल्यासारखं दिसतं.

डीएनए चाचणी करायचीच असेल तर सुनेची नको, तिच्या घरात सलिव्हन बाजूचं सगळ्यांत वयस्कर जे कोणी असेल त्यांची करा. खापरपणजोबांचा वाटा सुनेत सरासरी सोळावा हिस्सा, तिच्या वडिलांत आठवा.

मागे राहिलेल्या भावंडासाठी एक कागद बहुतेकांना माहीत नसतो. १९०९ पासून ब्रिटनने सत्तरीच्या वरच्यांना पेन्शन सुरू केली. आयर्लंडात १८६४ पूर्वी सर्वांच्या जन्माची सरकारी नोंद नव्हती, म्हणून म्हातारी माणसं वय दाखवायला जुन्या जनगणनेत आपलं लहानपणीचं घर शोधून द्या असा अर्ज करत: वाडी, पॅरिश, आईबापांची नावं. १८४१ किंवा १८५१ चं पान काढून कारकून त्या अर्जावर उतारा लिही. मूळ पानं १९२२ ला जळाली, अर्ज उरले. आयर्लंडच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर ते शोधता येतात. जी १८४१ ची जनगणना तुम्ही शोधत होतात तिच्या काही ओळी तिथेच आहेत. पण त्यासाठी आधी आईबापांची नावं आणि वाडी हातात हवी.

सुनेच्या माहेरून तीन गोष्टी तेवढ्या मागवा: खापरपणजोबांच्या सगळ्या मुलांची जन्मक्रमाने नावं, ते कुठे पुरले आहेत ते, आणि खापरपणजीचं माहेरचं आडनाव. इथे टाकलंत तर पुढची वही कोणती उघडायची ते सांगता येईल.